व्हिएन्नाहून व्हेनिसला, दिवसाच्या गाडीनें

आमच्या घरीं प्रवासाचा बेत ठरतो तो रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर, ओटीवर, सर्वांच्या समक्ष. वडिलांच्या वेळेपासूनचा हा प्रघात आहे. पंढरपूर असो, काशी असो, कीं मुंबईस कोणाचें लग्न असो. गाडी कोणती, डबा कोणता, शिदोरी काय, याचा ऊहापोह झाल्यावांचून आमच्याकडे कोणी ट्रंक उघडीत नाहीं. गेल्या माघांत याच ओटीवर जो प्रश्न निघाला तो मात्र अगदीं नवीन होता. चिरंजीव व सूनबाई नोकरीनिमित्त व्हिएन्ना येथें असतात. त्यांच्याकडे दोन महिने राहून परततांना आम्हां उभयतांस व्हेनिस पाहावयाचें होतें, आणि घरचें विमानही तेथूनच पकडावयाचें होतें. मुलाला व सुनेला त्या दिवसांत रजा नाहीं. तेव्हां ऑस्ट्रियाच्या राजधानीपासून इटलीच्या त्या जलनगरीपर्यंतचा सुमारें ६०० किलोमीटरांचा पल्ला, साठी उलटलेल्या आम्हां दोघांनाच गांठावयाचा होता. तो कसा गांठावा?

धाकट्या बंधूंनीं विमानाचा पक्ष घेतला. "तासाभराचा तर प्रश्न," ते म्हणाले. परंतु हा तास आकाशांतला. विमानतळावर दोन तास आधीं जाऊन बसावयाचें, आणि व्हेनिसचा विमानतळ तर मूळ शहरांत नसून मुख्य भूमीवर आहे; तेथून पुन्हां बस किंवा नांव. एवढ्यांत अर्धा दिवस जातो आणि पाहिलें काय, तर ढग. पुतण्यानें रात्रीची गाडी सुचविली. व्हिएन्नाहून संध्याकाळनंतर निघणाऱ्या गाडीला झोपण्याचे डबे असतात; आपल्या तीन मजली बांकांसारखीं चार किंवा सहा बांकांचीं दालनें असतात, आणि अधिक पैसे दिल्यास दोघांपुरती स्वतंत्र खोलीही मिळते. "काका, एका रात्रीचें हॉटेल वांचतें," असा त्याचा हिशेब. हा हिशेब माझ्या ओळखीचा, म्हणून मी मान डोलावली.

तोंच माजघराच्या दारांतून आमची मंडळी बोलली, "अहो, लग्न झाल्यापासून तुमच्याबरोबर मी रात्रीच्याच गाडीनं हिंडत आलें. काशी झाली, रामेश्वर झालं. दोन्ही वेळां मधला मुलूख म्हणजे नुसता अंधार. या खेपेला तरी मला खिडकींतून कांहीं दिसूं द्या."

ओटीवर कोणी बोललें नाहीं. शिक्षकाच्या पगारांत प्रवास करावयाचा तो रात्रीचा. दिवस मोडत नाहीं व धर्मशाळेचें भाडें वांचतें, हें मी तीस-पस्तीस वर्षें मोठ्या अभिमानानें सांगत आलों. त्या काटकसरींत दुसऱ्या कोणाची खिडकी काळी राहिली, हें खातें मीं कधीं मांडलेंच नव्हतें. मेघदूतांतले वेंचे मीं वर्गांत किती वेळां शिकविले असतील! यक्ष मेघाला निरोप नंतर सांगतो, आधीं वाट सांगतो. आणि वाट थोडी वांकडी झाली तरी उज्जयिनी चुकवूं नको, असें बजावतो. इतकें शिकवून मी स्वतः मात्र वाट नेहमीं झोपेंत कापली. तेव्हां गाडी दिवसाची, एवढें त्या रात्रीं ठरलें. बाकीचें ठरवावयास मला दीड महिना लागला, आणि त्यांत एक ठोकर बसली, तीही सांगणार आहें. कारण हल्लीं पुष्कळ घरांतील वडील मंडळी मुलांकडे परदेशीं जातात, आणि त्यांच्यावर असा प्रसंग केव्हांही येऊं शकतो.

वेळापत्रक वाचण्याची मला लहानपणापासून हौस. युरोपच्या गाड्यांचें टॉमस कुक कंपनीचें प्रसिद्ध वेळापत्रक १८७३ सालीं निघूं लागलें. तें कंपनीनें २०१३ सालीं बंद केलें, तरी त्यांतील जाणत्या मंडळींनीं २०१४ पासून स्वतंत्रपणें चालूं ठेविलें. परंतु आतां हें काम लोक मोबाइलवर करतात, व मलाही पुतण्यापुढें मान तुकवावी लागली. ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेला तिच्या आद्याक्षरांवरून 'ओ-बे-बे' म्हणतात. तिच्याच वेळापत्रकावर आम्हीं भिस्त ठेविली. मध्यस्थांच्या पाट्या पाहिल्या नाहींत.

प्रथम नांवांचा घोळ समजून घ्यावा. आपण ज्याला व्हिएन्ना म्हणतों त्याला तेथील लोक 'वीन' म्हणतात. आपलें व्हेनिस हें वीनच्या फलकावर 'व्हेनेडिग' होतें, आणि इटलींत शिरल्यावर 'व्हेनेत्सिया'. गंमत अशी कीं, वीनला 'व्हिएन्ना' म्हणणारे खरे इटालियनच. फलाटाला जर्मनमध्यें 'ग्लाइस' व इटालियनमध्यें 'बिनारिओ' म्हणतात. दोन्ही देशांच्या स्थानकांवर वेळापत्रकाचे कागदी तक्ते लावलेले असतात. त्यांत गाड्या सुटण्याचा तक्ता पिवळा आणि येण्याचा पांढरा असतो. पिवळा पाहावा, एवढें लक्षांत ठेविलें तरी अक्षरशत्रूचेंही काम भागतें. जुन्या प्रवासवर्णनांतून व्हिएन्नाच्या दक्षिण स्थानकाचा उल्लेख येतो. तें आतां नाहीं. त्याच्या जागेवर 'हाउप्टबानहोफ' म्हणजे मुख्य स्थानक बांधलें गेलें व तें २०१४ सालीं खुलें झालें. इटलीकडील गाडी तेथूनच धरावयाची.

दुसरी गोष्ट मीं अनुभवानें शिकलों, ती अशी कीं, गाडीचें नांव न वाचतां तिचीं मधलीं स्थानकें वाचावीं. गाडी कोठून जाते हें तीं स्थानकेंच सांगतात. वीनर नॉयश्टाट आणि म्युर्त्सत्सुश्लाग हीं नांवें दिसलीं (दुसऱ्याचा उच्चार सूनबाईनें मला तीनदां फोनवर म्हणून दाखविला) कीं गाडी झेमेरिंगच्या घाटावरून जाणार असें समजावें. पुढें ग्राट्स दिसलें तर ती नव्या मार्गानें, लेओबेन दिसलें तर जुन्या मार्गानें क्लागेनफुर्टला पोंचेल. रात्रीची गाडी कधीं साल्झबुर्गच्या बाजूनें वळसा घेते. तिला हा घाट लागतच नाहीं.

या झेमेरिंगसाठींच दिवसाची गाडी हवी, असें माझें मत बनत गेलें, आणि तें बनण्यास कारण एक मनुष्य झाला. कार्ल फॉन गेगा हा १८०२ सालीं व्हेनिसमध्यें जन्मला. त्या वेळीं व्हेनिस ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होतें. विशीच्या आंतच त्यानें पादुआच्या विद्यापीठांत गणितांतील सर्वोच्च पदवी मिळविली. रस्ते, पाण्याचीं कामें करीत तो रेल्वेकडे वळला, आणि १८४२ मध्यें अमेरिकेस जाऊन तेथील डोंगरांतल्या रेल्वे पाहून आला. व्हिएन्नाहून समुद्राकडे, म्हणजे ट्रिएस्ट बंदराकडे, जाणाऱ्या लोहमार्गाला झेमेरिंगचा डोंगर आडवा येत होता. दोर लावून डबे ओढावे, असा तेव्हां पुष्कळांचा सल्ला. साध्या इंजिनानें हा चढ चढणें अशक्य, असें जाणते म्हणत. गेगानें आंखणी केली ती मात्र साध्या इंजिनासाठींच. आणि तसें इंजिन तर अजून जगांत कोठें नव्हतें! काम चालू असतां १८५१ सालीं इंजिनांची स्पर्धा घेण्यांत आली. तिच्या अनुभवावरून एंगर्ट नांवाच्या यंत्रज्ञानें पुढें योग्य तें इंजिन तयार केलें. म्हणजे सून यावयाच्या आधीं घर बांधून ठेवावें तसा हा प्रकार झाला.

१८४८ ते १८५४ हीं सहा वर्षें सुमारें वीस हजार माणसें त्या डोंगरांत खपत होतीं. डायनामाइटचा शोध अजून लागावयाचा होता. कातळ फोडला तो साध्या दारूनें आणि हातांनीं. ग्लॉगनिट्सपासून म्युर्त्सत्सुश्लागपर्यंत ४१ किलोमीटरांत १४ बोगदे आणि १६ मोठे दगडी पूल आले. त्यांतील कांहीं पूल दुमजली, कमानीवर कमान असे आहेत. जास्तींत जास्त चढ चाळिसांत एक, आणि माथा समुद्रसपाटीपासून सुमारें ९०० मीटरांवर. रोगराईनें तेथें शेंकडों मजूर दगावले, हेंही विसरतां कामा नये.

आपला बोरघाट याच सुमाराचा. मुंबई–ठाणें गाडी १८५३ च्या एप्रिलांत धांवली, झेमेरिंग १८५४ मध्यें खुला झाला, आणि बोरघाट १८६३ मध्यें. आपल्या घाटाचा चढ तर सदतिसांत एक, म्हणजे त्याहूनही उभा. परंतु आपल्याकडे एके ठिकाणीं वळण घेण्यास जागा नसल्यामुळें गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोंकाला लावून, उलट दिशेनें चढवावी लागे. गेगानें तसें कोठें होऊं दिलें नाहीं. डोंगराच्या कुशींतून वळणें घेत घेत गाडी न थांबतां वर नेली. मीं कर्जत-लोणावळा शेंकडों वेळां केलें, आणि मागचीं इंजिनें लागतात तीं कां, हें मुलांना सांगितलें. पण ज्या दशकांत आमच्या सह्याद्रीला सुरुंग लागले त्याच दशकांत आल्प्सलाही लागत होते, हें या बेताच्या निमित्तानेंच प्रथम मनांत आलें. १९९८ सालीं युनेस्कोनें झेमेरिंगच्या रेल्वेला जागतिक वारशांत घेतलें. ऑस्ट्रियाच्या जुन्या वीस शिलिंगांच्या नोटेवर गेगाचें चित्र असे. तो स्वतः १८६० सालीं, अठ्ठावन्नाव्या वर्षीं, व्हिएन्नांत क्षयानें वारला. त्याच्या कामापासून त्याच्या जन्मगांवापर्यंत एका दिवसांत जावयाचें, हें मला फार गोड वाटलें.

आणि हें लवकर करावें असेंही एक कारण निघालें. झेमेरिंगच्या पोटांतून २७ किलोमीटरांहून अधिक लांबीचा नवा बोगदा तयार होत आहे. त्याचें खोदकाम २०२४ च्या नोव्हेंबरांत आरपार झालें, आणि २०३० च्या सुमारास त्यांतून गाड्या नेण्याचा बेत आहे. घाटावरचा जुना मार्ग कांहीं मोडणार नाहींत. परंतु लांब पल्ल्याच्या गाड्या मग डोंगराच्या वरून कशाला जातील? प्रवाशांचा वेळ वांचेल, आणि खिडकी काळी होईल. पुढील टप्प्यावर तर तसें झालेंही आहे. ग्राट्स ते क्लागेनफुर्ट हा 'कोराल्म' मार्ग १४ डिसेंबर २०२५ रोजीं सुरू झाला. त्यांत ३३ किलोमीटरांचा एकच बोगदा आहे. पूर्वीं डोंगराला वळसा घालून जेथें गाडीला तीनेक तास लागत, तेथें आतां वेगवान् गाडी पाऊण तासांत पोंचते. व्हिएन्ना ते व्हेनिस प्रवास यामुळें सुमारें सात तासांवर आला. लोकांच्या सोयीची गोष्ट आहे. तिला नांवें ठेवणारा मी कोण? परंतु सौ.ला मीं हें सांगितलें तेव्हां ती म्हणाली, "म्हणजे आपण अगदीं वेळेवर निघालों म्हणायचं."

आतां ती ठोकर. तिकिटें दोन जातींचीं असतात. एक पूर्ण दराचें, ज्यावर त्या दिवसाची दुसरी गाडीही चालते व जें परतही करतां येतें. दुसरें सवलतीचें, तें फार स्वस्त, पण संख्या मोजकी, एकाच गाडीला बांधलेलें, आणि पैसे परत नाहींत. जितक्या आधीं घ्यावें तितकें स्वस्त. सवलत म्हटल्यावर मला धीर कोठला? व्हिसा हातीं येण्याआधींच मीं दोघांचीं सवलतीचीं तिकिटें घेऊन टाकलीं.

ऑस्ट्रिया व इटली हे दोन्ही देश शेंगेन करारांतील, म्हणून दोहोंस मिळून एकच व्हिसा लागतो. जेथें अधिक दिवस मुक्काम, त्या देशाच्या वकिलातीकडे अर्ज करावयाचा. प्रवासाच्या सहा महिने आधींपासून तो देतां येतो, आणि निदान पंधरा दिवस आधीं तरी द्यावाच लागतो. निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा लागतो. हें सर्व मीं चोख केलें. दिवस मोजतांना मात्र चुकलों. व्हिएन्नाला उतरण्याचा दिवस मीं धरलाच नाहीं. आणि व्हेनिसचे दोन दिवस ऑस्ट्रियाच्या बाहेरचे म्हणून निराळे काढून ठेविले! अर्जांत साठ दिवस लिहिले, व्हिसावर साठच आले. वस्तुतः येण्याचा व जाण्याचा असे दोन्ही दिवस मुक्कामांत धरले जातात, आणि करारांतील सर्व देशांचे दिवस एकाच खात्यांत पडतात. माझ्या बेताप्रमाणें आम्ही त्रेसष्टाव्या दिवशीं निघणार होतों. व्हिसावर दोन निरनिराळ्या गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालतो, आणि त्या अवधींत एकंदर किती दिवस राहतां येतें. पहिलीवर जाऊं नये, दुसरी मोजावी. विमानाची तारीख दंड भरून अलीकडे आणली. रेल्वेचीं सवलतीचीं तिकिटें बुडालीं. बंधूंनीं चाळीस वर्षें बँकेंत काढलेलीं. त्यांनीं हिशेब पाहिला, चष्मा खालीं ठेविला, आणि म्हणाले, "दादा, तुम्हीं शाळेंत संस्कृत घेतलंत तेंच बरें केलंत." यावर मला उत्तर नव्हतें, अद्याप नाहीं.

दुसऱ्या खेपेस व्हिसा समोर ठेवून, सर्वांसमक्ष बोटांवर दिवस मोजून तिकिटें घेतलीं. यांत एक खबरदारी घेतली, ती म्हणजे व्हिएन्नापासून व्हेनिसपर्यंत एकच सलग तिकीट. पैसे वांचविण्यासाठीं सरहद्दीपर्यंत एक व पुढचें दुसरें असे तुकडे करण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. तुकडे केले आणि पहिली गाडी उशिरां पोंचून दुसरी चुकली, तर जबाबदार कोणी नाहीं. सलग तिकिटाला युरोपीय संघाच्या नियमांचें संरक्षण असतें. गाडी तासभर उशिरां पोंचल्यास भाड्याचा चौथा हिस्सा, दोन तासांवर गेल्यास अर्धा हिस्सा मागतां येतो. तसेंच हें लक्षांत असावें कीं, तेथील वेळापत्रक दर वर्षीं डिसेंबरच्या मध्यास बदलतें; त्यापुढील प्रवासाचीं तिकिटें कधीं कधीं उशिरां विक्रीस येतात. घाबरून जाऊं नये.

आपल्याकडे तिकीट म्हणजे बांकाचा क्रमांक, अशी समजूत असते. ऑस्ट्रियांत तिकीट निराळें आणि जागा निराळी. जागा न राखतां चढणाऱ्यास बंदी नाहीं, पण मग मोकळी खुर्ची शोधीत डब्यांतून फिरावें लागतें. राखलेल्या खुर्चीच्या वर कोठून कोठपर्यंत ती राखली आहे हें दिव्याच्या अक्षरांत दिसतें. चार पैसे अधिक देऊन आम्हीं जागा राखल्या. आणि येथें मला माझें भूगोलाचें ज्ञान उपयोगीं पडलें. झेमेरिंगवर गाडी इतकीं वळणें घेते कीं, दरी कधीं या हाताला, कधीं त्या हाताला. परंतु क्लागेनफुर्टहून फिलाखकडे जातांना व्योर्थर नांवाचें लांबच लांब सरोवर लागतें. लोहमार्ग त्याच्या उत्तर तीराला आहे आणि गाडी पश्चिमेकडे जाते, तेव्हां पाणी डावीकडे. शेवटीं व्हेनिसच्या खाडीवरील पुलावर मोटारींचा रस्ता उजव्या हाताला, मोकळें पाणी पुन्हां डावीकडे. म्हणून डावी खिडकी घ्यावी. खुर्चीच्या क्रमांकावरून डावें-उजवें कळत नाहीं, कारण डबे कोणत्या बाजूनें लागतील हें त्या दिवशींच कळावयाचें. तें काम चिरंजीव फलाटावर पाहील, आणि चुकलें तर वाटेंत कोणाला तरी विनंती करूं.

सामानाविषयीं घरांत वाद झाला नाहीं, हें नवल. तेथें हमाल नाहींत. गाडींत चढविणें, कपाटांत ठेवणें, उतरविणें सर्व आपणच. व्हेनिसला तर चारशेंहून अधिक पूल, आणि बहुतेकांना पायऱ्या. मंडळींचे गुडघे लक्षांत घेऊन एकेकीं एक लहान चाकांची पेटी, बाकी जड सामान चिरंजीव मागाहून कोणाबरोबर पाठवील असें ठरलें. औषधें मात्र हातच्या पिशवींत, वैद्याच्या चिठ्ठीसह. शिदोरीची अडचण निराळीच. दूध-दुभत्याचे व मांसाचे जिन्नस बाहेरच्या देशांतून युरोपीय संघांत नेण्यास सामान्य प्रवाशाला बंदी आहे. म्हणजे येथून घरचें तूप, खवा नेतां यावयाचें नाहीं. वहिनींनीं तुपाची बरणी भरून ठेविली होती, ती पुन्हां फडताळांत गेली. गाडींत भोजनाचा डबा असतो, पण आपलें घरचें खाण्यास कोणी हरकत घेत नाहीं. तेव्हां सूनबाई दशम्या आणि तिळाची चटणी करून देणार आहे. कधीं खावयाच्या हेंही ठरलें. सरहद्दीवरील टार्व्हिझिओ सोडल्यावर उदिनेच्या वाटेवरचा नवा मार्ग बहुतांशीं बोगद्यांतून जातो, जुन्या मार्गावर आतां लोक सायकली चालवितात. "मग तेव्हांच पानं मांडूं," असें सौ.नें सांगितलें, "म्हणजे घांस घेतांना खिडकीकडे बघायला नको."

त्या सरहद्दीचा एक मजेदार प्रकार असा कीं, ती ओलांडल्याचें प्रवाशाला सहसा कळतच नाहीं. रुळांची रुंदी तीच. बदलते ती तारेंतली वीज: ऑस्ट्रियांत १५,००० व्होल्टांची उलटसुलट, इटलींत ३,००० व्होल्टांची एकमार्गी. पूर्वीं विजेचा प्रकार बदलतो म्हणून इगतपुरीस आपल्या गाड्यांचें इंजिन बदलीत असत, हें वाचकांस आठवत असेल. या गाडीचें इंजिन दोन्ही विजांवर चालणारें असल्यानें खोळंबा नाहीं. पासपोर्टाची नेहमींची तपासणी नसते. तरी पोलिस डब्यांत येऊन केव्हांही विचारूं शकतात, म्हणून मूळ पासपोर्ट अंगावर पाहिजे. त्याची छायाप्रत चालणार नाहीं, व पेटींत टाकून झोपणेंही चालणार नाहीं.

राहिला प्रश्न परतीच्या विमानाचा, आणि याच जागीं मी हट्टानें बसलों. पुतण्याच्या आंकडेमोडींत गाडी दुपारीं पोंचते व विमान दुसऱ्या सकाळीं सुटतें. तेवढें पुरे, असें त्याचें म्हणणें. इटलींत रेल्वेचे संप होतात. त्यांना 'शोपेरो' म्हणतात. कायद्यानें निदान दहा दिवस आधीं सूचना द्यावी लागते, त्यामुळें तारखा आधीं पाहतां येतात. कधीं मार्गाची दुरुस्ती निघते आणि कांहीं अंतर बसनें जावें लागतें. आमचे साठ दिवस संपत आलेले असणार. विमान चुकलें तर नुसता पैशांचा प्रश्न राहत नाहीं. म्हणून व्हेनिसला पोंचण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस यांमध्यें दोन पुऱ्या रात्री ठेविल्या. संप नसला, गाडी वेळेवर गेली, तर तो दिवस शहर पाहण्यास मिळेल. २०२४ पासून कांहीं ठराविक दिवशीं व्हेनिसमध्यें एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेशशुल्क बसविण्यांत आलें. मुक्कामास राहणाऱ्यांना तें माफ असलें तरी आधीं नोंद करावी लागे. हॉटेल ठरवितांनाच हें विचारून ठेविलें आहे.

उतरावयाचें कोठें, हें मीं सौ.ला दोनदां समजावून सांगितलें, आणि तिनें मला एकदां. व्हेनिसच्या नांवाचीं स्थानकें दोन आहेत. पहिलें येतें तें 'मेस्त्रे', मुख्य भूमीवरचें. पाटीवर 'व्हेनेत्सिया' वाचून कित्येक प्रवासी तेथेंच घाईनें उतरतात. तेथें बसून राहावयाचें. मग गाडी पाण्यावर निघते. हा खाडीवरचा पूल १८४६ सालीं, ऑस्ट्रियाच्या अमलांत, खुला झाला; लांबी साडेतीन किलोमीटरांहून अधिक, आणि दोनशेंवर कमानी. मोटारींचा रस्ता त्याच्या शेजारीं १९३३ मध्यें आला. तोंवर ऐंशीहून अधिक वर्षें व्हेनिसला जमिनीवरून पोंचण्याचा मार्ग हाच एक. पुढें 'सान्ता लुचिया', जेथें लोहमार्ग संपतो. स्थानकाच्या पायऱ्या उतरल्या कीं समोर रस्ता नाहीं, मोठा कालवा आहे, आणि बसच्या जागीं नांवा.

सौ.नें एक वही केली आहे. तींत सर्व स्थानकें देवनागरींत ओळीनें लिहिलीं आहेत, आणि प्रत्येकापुढें एक खूण: डोळे उघडे ठेवावयाचे तेथें फुली, डुलकी चालेल तेथें टिंब. टिंबें मोजून चार आहेत. परवां रात्रीं ओटीवर ती वही सर्वांनीं पाहिली. पहिल्याच पानावर, माझ्या हातच्या अक्षरांत, दोन खुर्च्यांचे क्रमांक आहेत. त्यांतील खिडकीकडच्या क्रमांकापुढें तिचें नांव लिहून मीं खालीं सही केली आहे.